नळीभर लाळ

निवांत बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ सुटते. म्हणजे ५ मिलिलिटर हवी असेल तर पाव तास सहज जातो. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण समोरच्या खुर्चीत माणूस मान खाली घालून बसलेला असतो, हातात नळी धरून खालच्या ओठावरून थेंब गळायची वाट बघत असतो, आणि आपण शेजारी घड्याळ घेऊन उभे असतो. पाव तास केवढा मोठा असतो ते तेव्हा कळतं.

मी दातांची डॉक्टर. ओरल पॅथॉलॉजीत, म्हणजे तोंडाच्या रोगांच्या निदानशास्त्रात, पुढचं शिक्षण घेत असताना एका संशोधन प्रकल्पात होते. तोंडाचा कॅन्सर लाळेवरून लवकर ओळखता येतो का, हे त्यात बघायचं होतं. माणसं तयार करायची, नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत नेऊन साफ करायचे, गोठवायचे आणि शेवटी त्यांतली प्रथिनं मोजायची, हे सगळंच माझ्या वाट्याला आलं. एरवी ही कामं वेगवेगळे लोक करतात. खुर्चीपाशी उभा असलेला प्रयोगशाळेतली प्लेट बघत नाही, आणि प्लेट लावणाऱ्याच्या समोर माणूस नसतो, नुसता संकेतांक असतो. मला दोन्ही टोकं बघायला मिळाली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: लाळेच्या तपासणीत जे काही बिघडायचं असतं, ते बहुतेक यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेलं असतं.

मुळात लाळच का? तोंडाचा कॅन्सर दहात नऊ वेळा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असतो, म्हणजे तोंडाच्या अस्तरातच उगवलेला. ते अस्तर रात्रंदिवस लाळेत भिजलेलं असतं. त्याच्या पेशी सतत गळून लाळेत पडतात. त्या पेशींची प्रथिनं, आरएनए आणि डीएनएचे तुकडे लाळेत उतरतात. रक्तात हेच शोधायचं तर ते सगळ्या शरीराच्या रक्तात मिसळून पातळ झालेलं असतं. लाळ गाठीला लागूनच वाहते. शिवाय सुई टोचायची नाही, त्यामुळे लोक तयार होतात.

आणि लवकर शोधायची निकड आहेच. २०२० सालच्या जागतिक अंदाजात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ७७ हजार नवे रुग्ण आणि १ लाख ७७ हजारांहून जास्त मृत्यू धरले होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर उशिरा सापडला तर समजू शकतं, तो आत दडलेला असतो. पण जीभ आरशात दिसते, गालाची आतली बाजू बोटाने चाचपता येते, तरी माणसं आमच्याकडे येतात ती मानेत गाठ आल्यावर, नाहीतर तोंड उघडेनासं झाल्यावर. सुरुवातीला दुखत नाही, हेच कारण. पांढरा चट्टा असतो, कधी लालसर मखमली डाग असतो. दोन्ही गप्प बसून असतात. दात दुखला की माणूस रात्री बारा वाजता फोन करतो, पण न दुखणारा चट्टा वर्षभर तसाच राहतो.

आम्ही तीन गट केले होते. बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासल्यावर, कॅन्सर ठरलेले, पण उपचार सुरू न झालेले. तोंडात ल्युकोप्लाकिया (पांढरा चट्टा), एरिथ्रोप्लाकिया (लाल चट्टा), लायकेन प्लॅनस (जाळीसारखे पांढरे चट्टे) किंवा सबम्युकस फायब्रोसिस (अस्तर ताठर होऊन तोंड कमी उघडणं) असलेले; याला आम्ही चट्ट्यांचा गट म्हणायचो. आणि तोंडाच्या अस्तरावर काहीही नसलेले. कागदावर हे फार सोपं दिसतं. पहिली अडचण पहिल्या गटातच आली. बायोप्सी म्हणजे जखम, आणि जखमेच्या आसपास जी प्रथिनं वाढतात त्यांतलीच काही आम्ही कॅन्सरच्या खुणा म्हणून शोधत होतो. मग नमुना बायोप्सीच्या आधीच घ्यायचा, असं ठरलं. म्हणजे ज्याला कॅन्सर आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, तो स्वतः तर धास्तावलेलाच आहे, अशा माणसापुढे आपण संमतीपत्र घेऊन जायचं.

ते बोलणं मला शेवटपर्यंत सोपं गेलं नाही.

"म्हणजे माझ्या थुंकीत काय निघालं ते मला सांगणारच नाही?" असं एका काकांनी विचारलं होतं.

"नाही काका. या तपासणीवर अजून भरवसा ठेवता येत नाही. ती भरवशाची आहे का, तेच आम्ही बघतोय. तुमचं निदान बायोप्सीवरूनच होणार."

"मग माझा काय फायदा?"

"तुमचा आत्ता काहीच नाही."

ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग सही केली. नाही म्हणणारेही होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. 'तुमचा फायदा नाही' हे वाक्य संमतीपत्रात छापलेलं असतंच, पण ते तोंडाने म्हटल्याशिवाय समोरच्याला ऐकू येत नाही, असं माझं मत झालं आहे.

नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे. वेळ सकाळची, कारण लाळेचं प्रमाण आणि तिच्यातले घटक दिवसभरात बदलत राहतात. आधीचा तासदीड तास खाणं नाही, पिणं नाही, तंबाखू-सिगारेट नाही. दातही घासायचे नाहीत, कारण घासताना हिरड्यांतून रक्त येतं. आल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि थोडं थांबायचं. मग ताठ बसून मान किंचित पुढे. आधीची लाळ गिळून टाकायची आणि त्यानंतर तोंडात जमेल ती नळीत सोडायची. नळी बर्फात.

"मावशी, थुंकू नका. नुसती गळू द्या," हे वाक्य मी त्या काळात झोपेतसुद्धा म्हणाले असेन. खाकरून थुंकलं की घशातला आणि छातीतला कफ येतो. गाल आत ओढून जोर लावला की हिरड्यांच्या फटीतलं द्रव आणि रक्त येतं. काही चघळायला दिलं की लाळ भराभर येते, पण ती बरीचशी कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथीतून येते आणि पातळ असते, त्यामुळे आपल्याला हवं ते त्यात विरळ होऊन जातं. कापसाचा बोळा तोंडात ठेवून पिळून घ्यायचीही एक पद्धत आहे. माणसाला ती सोयीची, पण काही प्रथिनं कापसातच अडकून राहतात. म्हणून सगळ्यात रटाळ पद्धत हीच सगळ्यात खात्रीची.

मोठ्या माणसाला चारचौघांत लाळ गाळायला सांगणं ही साधी गोष्ट नाही, हे कुठल्याही पद्धतीत लिहिलेलं नसतं. एक काका शेवटी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. त्यानंतर आम्ही पडदा लावला आणि नमुन्याचं प्रमाण लगेच सुधारलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते. ही म्हण नाही, शरीर तसंच चालतं. नुकतंच 'चट्टा बरा दिसत नाही, तुकडा काढून तपासू' असं ऐकलेल्या माणसाकडे मी लाळ मागत होते. त्यात रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी काही लाळ कमी करणाऱ्या. गाठ मोठी असेल तर जीभ हलवताना दुखतं, तोंड नीट मिटत नाही, येते ती लाळ चिकट आणि लालसर. ज्यांची लाळ सगळ्यात जास्त हवी होती, त्यांच्याकडूनच सगळ्यात कमी आणि सगळ्यात खराब मिळायची. निरोगी गटातले विद्यार्थी मात्र हसतखेळत नळी भरून द्यायचे. या फरकामुळेही निकाल वाकडा होऊ शकतो. पातळ लाळेत एखादं प्रथिन कमी भासेल, घट्ट लाळेत तेच जास्त. म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्याला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवायचो आणि नंतर एकूण प्रथिनाच्या प्रमाणात आकडा लावून बघायचो. उघड लालसर नमुना बाजूला काढायचो. डोळ्याला न दिसणारं रक्तही असतं. त्यासाठी रक्तातल्या एखाद्या प्रथिनाची वेगळी चाचणी करतात.

नळी प्रयोगशाळेत आली की तिचा दुसरा अवतार सुरू होतो. लाळेत ९९ टक्के पाणी असतं असं म्हणतात, पण पिपेटने उचलायला जा. म्युसिन या चिकट प्रथिनामुळे टोकापासून तार लोंबते, ती तुटत नाही, आणि किती उचललं याचा अंदाज चुकतो. म्हणून आधी सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरवून जड भाग तळाला बसवणारं यंत्र: ४ अंश तापमानाला, २६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २६०० पट जोर), १५ मिनिटं. तळाशी पांढुरका साका बसतो, त्यात गळालेल्या पेशी, जिवाणू आणि तोंडातला बाकीचा कचरा. वरचं नितळ द्रव हलक्या हाताने काढायचं. प्रथिनं कुरतडणारी विकरं लाळेतच असतात, म्हणून त्यांना रोखणारी द्रव्यं लगेच घालायची. आरएनएसाठीचा भाग वेगळा, त्याला वेगळं द्रव्य. मग छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर. वाटायचं ते अशासाठी की एकदा वितळलेली नळी परत गोठवून वापरायची नाही. प्रत्येक गोठवण्या-वितळण्यात काहीतरी जातं, आणि काय गेलं ते नंतर कळायला मार्ग नसतो.

नितळ झालेली लाळसुद्धा सरळ बोलत नाही. पचनाचं अमायलेज तिच्यात इतकं असतं की बाकीची प्रथिनं झाकली जातात. भर बाजारात कुणीतरी दबक्या आवाजात आपलं नाव घ्यावं आणि ते आपण ऐकावं, असं ते काम. आरएनएचं तर आणखी अवघड. तोंडातली विकरं त्याचे तुकडे करतात, आणि जे हाती लागतं त्यात जिवाणूंच्या आरएनएचा मोठा वाटा असतो.

तरी हे होऊ शकतं, असा विश्वास लोकांना बसला तो २००४ मध्ये. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने तोंडाचा कॅन्सर असलेले ३२ आणि नसलेले ३२ अशांची लाळ तपासली. सात एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकाचा निरोप नेणारे आरएनए, कॅन्सरवाल्यांच्या लाळेत वाढलेले सापडले. इंटरल्युकिन-८, इंटरल्युकिन-१ बीटा, डीयूएसपी१, एस१००पी, ओएझेड१, सॅट वगैरे जनुकांचे. त्यांची सांगड घातल्यावर रोगी ओळखण्याची आणि निरोगी वगळण्याचीही अचूकता ९१ टक्के आली. २००८ मध्ये त्याच गटाने पाच प्रथिनांचा संच मांडला, तिथे हे आकडे ९० आणि ८३ होते. २०१२ मध्ये पाच वेगवेगळ्या गटांतल्या मिळून ३९५ माणसांवर जुने मार्कर, म्हणजे कॅन्सरच्या आधी सापडलेल्या खुणा, पडताळले गेले. सातही एमआरएनए आणि तीन प्रथिनं कॅन्सरमध्ये पुन्हा वाढलेली दिसली. त्यांतली आकडेशास्त्राच्या कडक चाळणीतून ठळकपणे टिकली ती मुख्यतः इंटरल्युकिन-८ आणि सॅट. आम्हीही इंटरल्युकिन-८ हे प्रथिन घेतलं, कारण त्याची चाचणी सहज करता येते आणि तुलनेला आधीचे आकडे आहेत.

मोजायचा दिवस मला आवडायचा. एलायझा ही प्रतिपिंडं वापरून प्रथिन मोजायची चाचणी. तिची प्लेट तळहातापेक्षा थोडी मोठी, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला आपल्याला हव्या त्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली. त्यात लाळ घालायची, थांबायचं, धुवायचं. मग दुसरं प्रतिपिंड, पुन्हा धुवायचं. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत, म्हणजे दोघांचं जमतं का ते कळतं. धुणं नीट झालं नाही तर सगळीच प्लेट रंगते, म्हणून ती उलटी करून कागदावर आपटायची. त्या आपटण्याच्या आवाजावरून प्लेट लावणारा नवखा आहे की जुना, हे आमच्या तंत्रज्ञ ताई पाठमोऱ्या असतानाही ओळखायच्या. शेवटी रंगाचं द्रव घालायचं. काही खळग्यांत काहीच होत नाही, काहींत फिकी निळाई, आणि काही झपाट्याने गडद निळे होतात. मग आम्लाचा थेंब, निळ्याचं पिवळं, आणि यंत्र ४५० नॅनोमीटरला वाचतं. संकेतांक अजून उघडलेले नसतात. तरी मन मात्र गडद पिवळ्या खळग्याकडे बघून ठरवून मोकळं होतं की हा तोच असणार.

संकेतांक उघडल्यावर कळलं की तो तो नव्हता.

गटांची सरासरी बघितली तर चित्र पुस्तकासारखंच होतं. कॅन्सरच्या गटात इंटरल्युकिन-८ वर, चट्ट्यांच्या गटात मधे, निरोगी गटात खाली. शोधनिबंधात काढतात तसा आलेख काढला असता तर छान दिसला असता. पण एकेका माणसाचा ठिपका मांडला की तिन्ही गट एकमेकांत घुसलेले. सगळ्यात गडद खळग्यांपैकी एक निरोगी गटातल्या माणसाचा होता. त्यांना परत बोलावलं. तोंडाचं अस्तर खरंच स्वच्छ होतं. हिरड्या मात्र सुजलेल्या, हात लावला की रक्त, दाढांभोवती दात आणि हिरडी यांच्यामधे खोल कप्पे.

इंटरल्युकिन-८ चं शरीरातलं काम म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना हाक मारून बोलावणं. गाठही ते सोडते आणि सुजलेली हिरडीही सोडते. इंटरल्युकिन-१ बीटाचं आणि इंटरल्युकिन-६ चं तेच. लाळ एका चट्ट्याबद्दल बोलत नाही, सगळ्या तोंडाबद्दल एकदम बोलते, आणि तोंडात हिरड्यांचं दुखणं कॅन्सरपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. जगात हिरड्यांचा तीव्र आजार असलेले लोक १०० कोटींच्या वर आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाचे पावणेचार लाख. शिवाय तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत दोन्ही सोबतच असतात. त्यानंतर आमच्या अर्जात हिरड्यांची तपासणी आली: किती ठिकाणी रक्त, कप्पे किती मिलिमीटर. चट्ट्याच्या गटातल्या ज्यांना घाई नव्हती त्यांच्या हिरड्या आधी साफ करून काही आठवड्यांनी नमुना घ्यायला लागलो. आकडे बऱ्यापैकी शांत झाले. अभ्यासात आलेल्या पुष्कळ जणांच्या हिरड्या त्या निमित्ताने सुधारल्या. 'तुमचा फायदा काहीच नाही' या माझ्या वाक्यात तेवढी दुरुस्ती करायला हरकत नाही.

९० टक्क्यांच्या अचूकतेबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण बातमीत तेवढंच येतं. समजा चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. सरसकट १०,००० माणसांची लाळ घेतली आणि त्यांत १० जणांना कॅन्सर आहे. चाचणी ९ जण बरोबर पकडेल. उरलेल्या ९,९९० पैकी ९९९ जणांनाही ती 'आहे' म्हणेल. म्हणजे हजाराच्या वर माणसं रात्रभर जागी, आणि त्यांत खरे रुग्ण ९. आता तीच चाचणी फक्त चट्टा असलेल्या, तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्या, आधीच निवडलेल्या १,००० जणांवर करा. त्यांत १०० जणांना रोग आहे असं धरा. ९० बरोबर, ९० चुकीचे; निम्मे खरे. चाचणी तीच राहते, बदलतात ती समोरची माणसं. म्हणून 'थुंकीवरून कॅन्सर ओळखणार' असा मथळा दिसला की मी आधी शोधते, कुणाच्या थुंकीवरून?

दुसरी खोच याहून अवघड. बहुतेक मार्कर शोधले गेले ते ज्यांची गाठ दिसते, अशांच्या लाळेत. आपल्याला हवी आहे ती गाठ धरायच्या आधीची अवस्था. गाठ जेवढी लहान तेवढं तिच्यातून लाळेत उतरणार कमी. आमच्याकडे जिभेच्या कडेला पांढरा-लाल चट्टा असलेल्या एक मावशी होत्या. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, हिरड्या चांगल्या. त्यांच्या लाळेचा आकडा नंतर बघितला तर कित्येक निरोगी माणसांपेक्षा कमी निघाला. पण त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या सरांनी हातमोजा घालून त्या चट्ट्याखालून बोट फिरवलं होतं आणि काही न बोलता माझं बोट तिथे ठेवलं होतं. बाकी जीभ मऊ, आणि त्या एका जागी पुठ्ठ्यासारखा कडकपणा. बायोप्सीत सुरुवातीचा, नुकताच खाली उतरू लागलेला कार्सिनोमा निघाला. लवकर सापडला आणि शस्त्रक्रिया छोटीच लागली. तो बोटाला सापडला.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संशयास्पद चट्टा तपासायला लाळेच्या चाचण्या वापरू नका, असंच म्हटलं आहे. चट्टा संशयास्पद दिसला तर बायोप्सी करा. आणि नुसत्या डोळ्यांनी काय होतं, त्याचा दाखला तिरुवनंतपुरमच्या मोठ्या चाचणीत आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी गावोगावी लोकांची तोंडं उघडून बघितली, एवढंच. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. लाळेतल्या कुठल्याही मार्करने मृत्यू कमी केल्याचा एवढ्या तोडीचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. हे मी लाळेवर काम करणारी असूनच लिहिते आहे.

मग हे काम करायचंच कशाला, असं मला घरीही विचारतात. ल्युकोप्लाकिया असलेल्यांतल्या साधारण दहातल्या एकाला पुढे कॅन्सर होतो, कधी काही महिन्यांत तर कधी अनेक वर्षांनी. त्या एकाला ओळखायला दहाही जणांचा दर काही महिन्यांनी तुकडा काढणं शक्य नाही. चट्टा मोठा असेल तर एका कोपऱ्यातला तुकडा दुसऱ्या कोपऱ्याबद्दल काही सांगतही नाही. इथे लाळेला जागा आहे. माणसाचा आजचा आकडा दुसऱ्या माणसाशी ताडण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडायचा, आणि चढ दिसला की बायोप्सी अलीकडे ओढायची. त्यासोबत सुजेशी संबंध नसलेल्या खुणा शोधायच्या. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ९३ रुग्णांत गाठीचा डीएनए शोधला, तेव्हा ज्यांची गाठ तोंडात होती त्या सगळ्यांच्या लाळेत तो सापडला. हिरडी कितीही सुजली तरी तिच्यात गाठीचे जनुकीय बदल असत नाहीत, हा मोठाच फायदा. फक्त तिथे गाठीत कुठला बदल आहे हे आधी माहीत करून घेऊन मग तो लाळेत शोधला होता. गाठ कुठे आहे, आहे की नाही, हेच ठाऊक नसताना शोधणं वेगळं.

घरी करायची चाचणी घ्यावी का, असं ओळखीपाळखीचे फोनवर विचारतात. मी उलट विचारते, तोंडात काही आहे का आणि किती दिवसांपासून? दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गालात किंवा जिभेत कडक गाठ, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांतलं काही असेल तर चाचणीची वाट बघायची नाही, सरळ दाखवायचं. आणि काहीच नसेल तरी दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर 'जीभ बाहेर ओढून कडा बघता का?' असं विचारायला काही लागत नाही. पुष्कळदा आम्ही दाताकडे बघण्याच्या नादात जिभेच्या मागच्या कडेपर्यंत जात नाही, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आता चट्ट्याच्या गटातल्या लोकांचे नमुने दर सहा महिन्यांनी घेतो. पडदा आहे, आणि हिरड्यांचा तक्ता आता नळीच्या आधी भरला जातो. डोकेदुखी वेगळीच निघाली आहे: एलायझाच्या प्रतिपिंडांचा नवा लॉट आला की आकडे थोडे सरकतात, आणि मग माणसाचा चढ खरा की लॉटचा, हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या नमुन्यातली एक नळी न वितळवता राखून ठेवली आहे. पुढच्या फेरीला जुनी आणि नवी, दोन्ही एकाच प्लेटवर शेजारशेजारच्या खळग्यांत लावायच्या.